तांबड्या कुत्र्याची खाज

कुत्रा खाजवतो कसा, हे फार थोड्या लोकांनी नीट बघितलेलं असतं. मी बघितलं आहे, आणि सांगायची हौसही मला दांडगी आहे, म्हणून आधी तेच सांगते. आधी तो बसतो. गवई मैफलीला बसताना मांडी सावरतो तसा जरा इकडे, जरा तिकडे सरकून. मग मान एका अंगाला कलते, डोळे अर्धे मिटतात, ओठ मागे ओढले जातात आणि मागचा पाय वर उठतो. पहिले दोनचार फटके नुसते हवेत जातात. मग कानामागची नेमकी जागा सापडते आणि पायाला अशी लय लागते की शेपटी आपोआप जमिनीवर ठेका धरते. मध्येच थांबून तो पायाची बोटं हुंगतो, काय हाती लागलं ते पाहून घेतल्यासारखं करतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझ्या सासरच्या तांबड्या कुत्र्याचा हा कार्यक्रम मी लग्न होऊन आले त्या वर्षी रोज बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

पुढच्याच वर्षी असे दिवस आले की त्याचा पाय जमिनीवर आपटायला लागला म्हणजे सबंध माळ गप्प व्हायचा.

माझं माहेर लोणावळ्याचं. वडील रेल्वेत, त्यामुळे मला चौथीपर्यंत शाळा मिळाली आणि बोलायला कोणी कधी बंदी केली नाही. सासर कार्ल्याच्या अलीकडे, इंद्रायणीपासून हाकेच्या अंतरावर. घरी भाताची खाचरं, चार गुरं, सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि सासरे, म्हणजे मामंजी. आमचे हे लोणावळ्याला इंजिनांच्या शेडमध्ये कामाला होते; सुटी मिळाली की मळवलीला उतरून चालत घरी यायचे.

मामंजींना कानानं कमी यायचं. भात पोटरीला आलं की ते शेतातल्या माळ्यावर, मचाणावर, राखणीला जायचे, पण डुक्कर शेतात शिरून निम्मं खाचर लोळवून गेलं तरी त्यांना कळायचं नाही. ते कळायचं कुत्र्याला. तो उठायचा, मामंजींच्या घोंगडीचं खाली लोंबणारं टोक दातात धरून ओढायचा, आणि मग मामंजी ओरडायचे. म्हणजे मामंजींचा कान त्यांच्या डोक्याला नव्हता, चार पायांवर हिंडत होता. आमच्याशी ते कामापुरतं बोलत. कुत्र्याशी मात्र मनापासून बोलत, कारण तो काय उत्तर देतो ते ऐकू येण्याची गरज नसायची.

पहिली लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. माघाच्या महिन्यात गावात उंदीर पडायला लागले. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं: उंदीर आढ्यावरून पटकन खाली पडायचा, एक गिरकी घ्यायचा आणि मरायचा, आणि उंदीर पडले की मागोमाग माणसांना ताप आणि काखेत, जांघेत प्लेगची गाठ यायची. म्हणून उंदीर दिसला की गाव उठायचं. घरं उघडी टाकून सगळे माळावर यायचे, कारवीच्या कुडाच्या झोपड्या घालायचे आणि रोग सरेपर्यंत तिथंच राहायचे. माणसं त्यात इतकी सरावली होती की आमच्या आत्याबाईंनी जातं आणि लोणच्याची बरणी कोणत्या बैलगाडीत जायची हे न बोलता ठरवलं.

गावचा नियम एकच होता आणि पाटलांनी तो माळावर उभं राहून सगळ्यांना ऐकवला. घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. काही विसरलं असेल तर विसरलं. पाटील उंच, आवाज भारी, आणि नियम सांगताना ते काठी अशी रोवायचे की जणू नियम तिथंच उगवून येणार आहे. दोनचार दिवसांतच कडेच्या झोपडीतला एक तरणा गडी आपला कोयता आणायला घरात गेला आणि आठवडा व्हायच्या आत मेला. त्याला नदीवर नेलं तेव्हा कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्यानंतर उंबऱ्याविषयी कोणाला शंका उरली नाही. बायका लांबून आपल्या घराकडे बघताना सुद्धा पाय मागे ओढायच्या.

ही शिस्त एकानंच मोडली. तांबडा कुत्रा संध्याकाळ झाली की माळावरून उठायचा आणि नेहमीच्या चालीनं गावात जायचा. घर राखायचं असतं हे त्याला ठाऊक होतं; घर सोडायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उजाडलं की परत यायचा, मामंजींच्या पायाशी बसायचा, आणि खाजवायचा.

आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग एक सरकारी माणूस आला. त्याच्याकडे एका मोठ्या कागदावर काढलेलं पिसवेचं चित्र होतं. ते त्यानं झाडाला टांगलं आणि सांगितलं की उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, आणि त्या चावल्या की माणसाला रोग होतो. चित्रातली पिसू वासराएवढी होती. आमच्या शेजारच्या झोपडीत एक काकी राहायच्या, जिभेच्या धारदार, त्या मागून म्हणाल्या, "एवढी पिसू घावली तर वैरण घालून वाढवू, पावसाळ्यात औताला येईल." लोक हसले. सरकारी माणूसही हसला, कागद गुंडाळून पुढच्या गावाला गेला. पण तो गेल्यावर हसू लवकरच ओसरलं आणि सगळ्यांच्या माना हळूहळू आमच्या झोपडीकडे वळल्या. कुत्रा खाजवत होता.

दुसऱ्या दिवशी पाटील आले.

"आबा, कुत्रं गावात जातंय," ते मामंजींच्या कानाशी वाकून म्हणाले.

"जाऊ दे की. घर राखतंय."

"घरात कोन न्हाई, काय राखतंय?"

"म्हनूनच राखाया पायजे."

"त्याच्या अंगावर काय हाय ते बगितलंत का?"

"केसं हायती."

"केसं न्हाईती, आबा. तीच तर गेली."

काकी हसल्या. मामंजी हसले नाहीत. खरंच कुत्र्याच्या शेपटीच्या मुळापाशी, जिथं त्याचं तोंड जेमतेम पोचायचं, तिथले केस विरळ होऊन कातडी लाल दिसत होती. मामंजींनी तिच्यावर हात ठेवला, जणू झाकून टाकली.

"वट्यावरच झोपतोय तो. उंबरा वलांडत न्हाई," ते म्हणाले.

"कुत्र्याला उंबरा काय कळतोय?"

"काही मानसांपरीस बरा कळतोय."

पाटलांनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या डोक्यावर सबंध माळाचा भार होता, आणि माळावर लहान मुलं होती. ते एवढंच म्हणाले की कुत्र्याला बांधून घाला. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत खाज थांबली तर ठीक. नाहीतर गडी लावून त्याला ओढ्यापल्याड न्यावं लागेल. ओढ्यापल्याड मेलेली गुरं टाकायचे. तिथं नेलेला कुत्रा परत येत नसे, हे माळावर सगळ्यांना ठाऊक होतं. मामंजींना शब्द ऐकू आले की नाही कोण जाणे, पण पाटलांच्या काठीनं ओढ्याची दिशा दाखवली ती त्यांना दिसली.

कुत्रा खुंट्याला बांधला गेला. आयुष्यात पहिल्यांदा. तो ओरडला नाही. दोरीच्या टोकापर्यंत गेला, थांबला, वळून मामंजींकडे बघितलं, आणि पुन्हा गेला, मघाशी काही चूक झाली असेल म्हणून. मामंजींना ते बघवेना. ते तडक गावात गेले आणि आमच्या गोठ्यातून पेंढ्याचा एक भला मोठा भारा घेऊन आले. त्याची जाड गादी करून त्यांनी ती खुंट्यापाशी अंथरली. बांधलाच आहे तर निदान मऊ तरी निजू दे, असा हिशोब.

आता कोणी विचारेल, गावात जायला बंदी होती ना? बंदी उंबऱ्याच्या आत जायला होती. गोठ्याला उंबरा नसतो. गुरांचे पाय अडखळू नयेत म्हणून मावळात कोणी गोठ्याला उंबरा बसवत नाही. मातीची जमीन थेट बाहेरून आत जाते. म्हणून गोठा म्हणजे घर नव्हे, हे इतकं उघड होतं की कोणाच्या मनात दुसरा विचारच आला नाही. सगळा माळ गोठ्यांतून पेंढा आणत होता. गुरांना तोच घालायचे, झोपड्यांत अंथरायलाही तोच. पाटील स्वतः काठी बाजूला टेकवून भारे ओढायचे. माघाच्या थंडीत त्या पेंढ्यात शिरलं की फार ऊब वाटायची. मीही त्यातच झोपत होते.

बाजाराला काही दिवस होते, आणि आम्ही तिघं कुत्र्याच्या पाठीला लागलो.

पहिला मान आत्याबाईंचा. त्यांनी निरगुडीचा पाला उकळला, पाणी कोमट होऊ दिलं आणि कुत्र्याला आंघोळ घातली. हळद लागलेल्या नवरदेवाला पळून जावंसं वाटत असेल तर तो जसा दिसेल, तसा तो दिसत होता. दिवसभर अंगाला छान कडवट वास आला. संध्याकाळी तो पेंढ्यात जाऊन निजला, आणि सकाळी मागचा पाय पुन्हा सुरू.

मग करंजेल. शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या आतून, पोटाला, सगळीकडे चोळलं. त्याला माती चिकटली, पेंढ्याची कुसं चिकटली, माशा बसल्या, आणि आमचा तांबडा कुत्रा जत्रेतल्या सोंगासारखा दिसायला लागला. मी हसले आणि लगेच गप्प बसले, कारण मामंजी त्याच्या पोटावरची कुसं एकेक करून वेचत होते.

मामंजींनी स्वतःची तंबाखू भिजवून तिचं पाणी लावलं. कुत्र्यानं ते चाटलं, आणि थोड्याच वेळात त्याच्या तोंडाला फेस आला. माळावर बोंब झाली की कुत्रं पिसाळलं. बायकांनी मुलं उचलली. मामंजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले, चावला तर पहिला मला चावू दे अशा थाटात, आणि तो ओकून मोकळा झाल्यावर त्याला पाणी पाजलं. त्या दिवशी काकी आमच्या झोपडीवरून जाताना मुद्दाम वळसा घालून गेल्या.

आणि मग सुटी काढून आमचे हे आले, हातात फिनेलची बाटली. रेल्वेत सगळं यानंच धुतात, असं ते म्हणाले. फिनेल बादलीभर पाण्यात थोडंसं टाकलं की पाणी दुधासारखं होतं. आमच्या ह्यांनी मायेच्या भरात दूध केलं नाही, खवा केला. तो त्यांनी कुत्र्याच्या उघड्या लाल कातडीवर ओतला. त्यानंतर कुत्र्यानं जो आवाज काढला तो मी इथं लिहिणार नाही. मामंजींना ऐकू येत नसे, पण तो आवाज त्यांना आला. त्यांनी दोरी सोडली, त्याला उचललं, धावत नदीवर नेलं आणि धोतरासकट पाण्यात बसून राहिले, कुत्र्याला धरून, किती तरी वेळ.

"आमच्या शेडमधे यानंच धुतात सगळं," हे काठावरून पुन्हा म्हणाले.

"कुत्रं हाय ते," मामंजी पाण्यातून म्हणाले. "इंजन न्हाई."

त्यानंतर बापलेकांत बोलणं राहिलं नाही. हे परत कामावर गेले. कुत्र्याच्या पाठीवर आता तळहाताएवढी जागा सोललेली होती, आणि तरीही तो वळून वळून दातांनी तिलाच कुरतडायचा, स्वतःचंच मांस असल्याचं विसरल्यासारखा. भाकरी पुढे ठेवली तरी हुंगून सोडायचा. बाजार जवळ येत चालला तसा मामंजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ते कामाला लागले, एवढंच त्यांना येत होतं.

काम राबाचं होतं. भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घ्यावी लागते. शेण, पालापाचोळा, काटक्या, जे मिळेल ते थरावर थर पसरायचं आणि पेटवून द्यायचं. त्या वर्षी रानात पाला गोळा करायला कोणी मोकळं नव्हतं आणि मामंजींच्या राबाला थर कमी पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुत्र्याची तेलकट, घाण झालेली गादी ओढून काढली, सगळीच्या सगळी राबावर टाकली आणि पेटवली. कुत्रा खुंट्यापाशी नुसत्या मातीवर राहिला. राब विझल्यावर मामंजींनी त्याला जवळ नेलं, तर तो कोमट राखेत चारी पाय वर करून लोळला. पांढराफटक झाला. आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ शांत होता. कोणीतरी म्हणालं, कुत्रं मेलं काय? तो मेला नव्हता. तो भाकरी खात होता. त्याच्या पुढच्या दिवशीही पाय जमिनीवर आपटला नाही, म्हणजे एखादं वेळी आपटला असेल, पण तो हौसेनं, पूर्वीसारखा.

मग आमच्याकडे श्रेयाची मारामारी सुरू झाली. आत्याबाईंचं म्हणणं, निरगुडीचा गुण हळूहळू येतो. माझं म्हणणं करंजेलाचं, कारण चोळलं मी होतं. लोणावळ्याहून निरोप आला, फिनेल उशिरा का होईना लागू पडलं ना? मामंजी कुत्र्याच्या शेजारी बसून बरेच दिवसांनी विडी ओढत होते. आणि आत्याबाईंना इतका आनंद झाला की त्या उठल्या, गोठ्यात गेल्या आणि त्याच्यासाठी नव्या पेंढ्याचा भारा घेऊन आल्या. बिचारा मातीत निजतो म्हणून.

त्याच संध्याकाळी पाय पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या सकाळी सोललेल्या जागेतून रक्त येत होतं. बाजार परवावर आला होता.

मामंजी कुत्र्याकडे बघत बसले. मग पेंढ्याकडे. मग राबाकडे. त्यांचं बघणं असं असायचं की मध्ये कोणी बोललं तरी त्यांना ऐकू येत नसल्यामुळे ते तुटायचं नाही. दुपारी, सगळी माणसं चांगली जागी असताना, त्यांनी कुत्र्याची दोरी सोडून ती माझ्या हातात दिली, धोतर गुडघ्यांच्या वर खोचलं आणि स्वतः कुत्र्याच्या गादीवर जाऊन आडवे झाले. हात डोक्याखाली, पाय पसरलेले, एखाद्या सरदारासारखे.

माळ गोळा व्हायला वेळ लागला नाही. पाटील आले.

"आबा, ही काय सोंगं लावलीत?"

"ऐकू येत न्हाई," मामंजी डोळे मिटून म्हणाले. "झोपलोय."

"येडं लागलंय म्हाताऱ्याला," काकी म्हणाल्या. "कुत्र्यासाठी कुत्रं झालं."

मामंजी पडून राहिले. आम्ही उभे राहिलो. मी दोरी धरून होते आणि कुत्रा माझ्या पायाशी मुकाट बसला होता. त्याला आपली जागा गेल्याचं अजिबात दुःख दिसत नव्हतं. मग मामंजींचा एक पाय हलला. मग दुसरा. ते उठून बसले, आणि पाय पुढे करून पाटलांना दाखवले. नडग्यांवर, घोट्यांवर लाल ठिपके उमटत होते, आणि एका ठिपक्यापासून तिळाएवढं काळं काहीतरी टुणकन उडालं.

"कुत्रं राखंत निजत व्हतं तवर बरं व्हतं," ते म्हणाले. "पेंढा आला आन् खाज आली. पेंढा कुटला?"

"गोठ्यातला," पाटील म्हणाले.

"तुमच्या झोपडीत कुटला?"

मी पाटलांकडे बघत होते. त्यांचा हात हळूच मागे गेला आणि आपल्याच कमरेशी खाजवायला लागला, त्यांच्या नकळत. गोठ्यातही उंदीर होतेच. पेंढ्याच्या पोटात त्यांची घरं होती. ते कुठं मेले, किती मेले, हे कोणी बघितलं नव्हतं, कारण गोठ्यात शिरताना ओलांडायला उंबराच नव्हता, मग थांबून बघणार कोण?

मग जे झालं ते डोळ्यांपुढून जात नाही. कोणी हुकूम दिला नाही. बायकांनी झोपड्यांतली अंथरुणं ओढून बाहेर काढली आणि माळाच्या मध्यभागी पेंढ्याचा ढीग झाला, घरापेक्षा उंच. सगळ्यात आधी काकींनी आपला पेंढा टाकला. आग लागली तेव्हा इतका धूर झाला की समोरचं माणूस दिसेना, आणि त्या धुरात प्रत्येकजण, मीसुद्धा, काखेत हात घालून चाचपत होता. इतके दिवस आम्ही त्यातच निजलो होतो. कोणाला काय चावलं याची गणती आता कशी करायची?

पण माणसाला गणती नको असते, बोट दाखवायला एकच पाहिजे असतो. धूर खाली बसल्यावर काकी म्हणाल्या, "आमचं कुनी बगितलं न्हाई. आबाला मात्र समद्यांच्या डोळ्यांदेखत चावल्या."

पाटील घुटमळले. मग म्हणाले, "आबा, तुमी थोडं दिवस बाजूला ऱ्हावा. वढ्याकाठी आंब्याखाली."

"आन् कुत्रं?"

"बाजार हुईस्तवर तुमच्यापाशी. मग बगू."

म्हणजे हुकूम कायम होता. कुत्र्याचा गुन्हा पुसला गेला होता, पण शिक्षा एकदा सांगितली की ती मागे कशी घ्यायची हे पाटलांना कोणी शिकवलं नव्हतं. मामंजींनी घोंगडी उचलली आणि निघाले. दोरी त्यांनी धरली नाही. कुत्रा तसाच मागून गेला.

रोज दुपारी मी ताट घेऊन जायची आणि आंब्याच्या अलीकडे एका दगडावर ठेवायची. त्याच्या पुढे जायची मला परवानगी नव्हती. पहिल्या दिवशी ताटाबरोबर माझी लाकडी बारीक फणी ठेवली, माहेरहून आणलेली. मामंजींनी न विचारताच ओळखलं ती कशासाठी. ते कुत्र्याला मांडीपाशी घेऊन उलट्या केसांतून फणी फिरवायचे आणि फणीत अडकलेलं पाण्याच्या मडक्यात झटकायचे. सोललेल्या जागेला मात्र हात लावायचे नाहीत. तिथं फक्त बोटानं करंजेल टेकवायचे. निजायला दोघांनाही नुसती माती. मी दगडापाशी उभी राहून विचारायची, "मामंजी, ताप नाही ना?" ते म्हणायचे, "निम्मा वाडगा खाल्ला त्यानं." मी पुन्हा विचारायची, मोठ्यानं. ते म्हणायचे, "पाठ सुकतीया." त्यांच्या काखेची चौकशी करायला मी तिथं उभी आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

बाजाराचा दिवस उजाडला. आत्याबाई सकाळपासून झोपडीच्या दारात बसून ओढ्याकडे बघत होत्या. गडी निघतात का, काठ्या घेतात का. कोणी निघालं नाही. दुपारी कळलं, पाटलांना ताप भरला होता.

पाटील झोपडीतून बाहेर आले, घोंगडीत गुरफटलेले, दात वाजत होते. त्यांना कोणी काही म्हणालं नाही. म्हणणार कोण, म्हणणारे तेच होते. त्यांनी स्वतःच काठी उचलली आणि आंब्याकडे चालू लागले. मागून त्यांची बायको काही अंतर रडत गेली आणि माझ्या दगडापाशी थांबली. लांबून आम्ही बघितलं: मामंजी उठले, आपली सावलीतली जागा झाडून पाटलांना दिली आणि स्वतः उन्हाकडे सरकले. पाटील काहीतरी बोलले. मामंजींनी कुत्र्याला बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला नेऊन बसवलं.

त्या आठवड्यात काकी गेल्या. ताप आला त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "माझा पेंढा तर समद्यात आदी जळला गं." तिसऱ्या दिवशी त्यांना नदीवर नेलं. त्यांच्या जिभेची मला भीती वाटायची, आणि त्यांच्याविना माळावर बोलायला सुद्धा नको वाटायचं.

पाटलांचा ताप मात्र चढायचा, घाम येऊन उतरायचा आणि एक दिवस सोडून पुन्हा थंडी घेऊन यायचा. मामंजींनी दुसऱ्याच खेपेला सांगितलं, "गाठीचा न्हाई ह्यो. हिवताप हाय." पाटील विश्वास ठेवायला तयार नव्हते. ते दिवसभर काखा चाचपायचे.

कुत्र्याला ओढ्यापल्याड न्यायचा हुकूम कधी मागे घेतला गेला, असं मला कोणी विचारलं तर मला नक्की सांगता येणार नाही. मी जे बघितलं तेवढं सांगते. काकींना नेल्यानंतरची दुपार होती. मी ताट घेऊन दगडापाशी आले. मामंजी बुंध्याला टेकून डुलक्या घेत होते. पाटील घोंगडी डोक्यावरून घेऊन कुशीवर पडले होते, नुसता एक पाय बाहेर. कुत्रा बुंध्याच्या पलीकडे नव्हता. तो पाटलांच्या पायथ्याशी पोटावर पसरला होता, मान लांब केलेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठ मागे गेलेले. आणि पाटलांच्या पायाचा अंगठा त्याच्या कंबरेवर, बऱ्या होत आलेल्या जागेच्या कडेकडेनं, सावकाश वरखाली होत होता.

मी ताट ठेवलं. भांडं वाजलं. पाटलांनी घोंगडीतून तोंड बाहेर काढलं आणि अंगठा जागच्या जागी थांबला.

"काय बगतीस, सूनबाई?"

"काही नाही."

"हिव भरलंय. पाय हालतोय."

मामंजी जागे झाले. "काय म्हनत्यात?" त्यांनी मला विचारलं.

मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडून सांगितलं, "पाटलांना हिव भरलंय, म्हणून पाय हलतोय."

मामंजींनी पाटलांच्या पायाकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बुंध्याला टेकले.

"भरू द्या," ते म्हणाले. "फकस्त जरा डाव्या अंगाला भरू द्या. तितं त्याचं त्याला पोचत न्हाई."